पू नाही

सिस्टर आत्यांना पू या गोष्टीचा मनापासून राग होता. कुणी पालीला घाबरतं, कुणी झुरळ दिसलं की घर डोक्यावर घेतं. आत्यांचं वैर फक्त पुवाशी होतं. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली आणि भाजलेल्या, कापलेल्या, चिघळलेल्या किती जखमा त्यांच्या हाताखालून गेल्या याची गणती नाही. पेशंट आला की आधी त्याला बोलणी बसायची, मग ड्रेसिंग. पट्टी ओली का केली, खाजवलं का, शेजाऱ्याने दिलेलं मलम का चोपडलं. शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांचीही सुटका नसे. पहिल्याच दिवशी त्या विचारायच्या, पू म्हणजे काय? तो बिचारा पुस्तकातलं आठवून चाचरत बोलायला लागला की मध्येच तोडून सांगायच्या, पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग, आणि तो दिसला म्हणजे आपण कुठेतरी हयगय केली.

त्यांची एक वही असायची. जखमेची रोजची हकीकत त्यात ठरलेल्या क्रमाने उतरायची: तारीख, लाली, सूज, आणि शेवटी पू आहे की नाही. "पू नाही" असं लिहिताना त्यांचं अक्षर जरा जास्तच वळणदार येई. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी वही सुटली नव्हती. घरात कुणाच्या गुडघ्याला खरचटलं तरी त्याचं पान निघत असे. तोंडाने आत्या वेळप्रसंगी थाप मारत, नाही असं नाही. दारात आलेल्या विक्रेत्याला "घरात कुणी नाही" असं स्वतः दारात उभं राहून सांगितलेलं लोकांनी ऐकलं आहे. पण वहीत मात्र त्यांनी कधी एक अक्षर खोटं लिहिलं नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ आणि वहिनी एका वर्षाच्या अंतराने गेले तेव्हा भाचा सात वर्षांचा होता. त्याला त्यांनी वाढवला, शिकवला, आणि पुढे त्याच्याच संसारात राहिल्या. भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरभरातल्या लोकांना अलगद वर पोचवणारा हा पठ्ठ्या स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि रोज अठ्ठावन्न पायऱ्या चढून यायचा. सूनबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. शांत, मोजकं बोलणारी, दिसेल ते नीट पाहणारी बाई. मोठी मुलगी सहा वर्षांची. ती पटकन तापायची आणि शिट्टीसारखा आवाज काढायची म्हणून तिला सगळे किटली म्हणत.

आणि मग बाळ झालं. मुलगा, गोरागोमटा, सव्वातीन किलोचा. त्याचं नाव ठरेपर्यंत सगळे त्याला गोटू म्हणू लागले आणि मग नाव ठरवायचं राहूनच गेलं.

गोटूची बेंबी आत्यांच्या ताब्यात गेली, हे सांगायला नकोच. त्यांच्या देखरेखीखालच्या बाळाची नाळ आठ-नऊ दिवसांत सुकून पडते, अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण खोटी नव्हती. किटलीची नवव्या दिवशी पडली होती. गोटूची मात्र नऊ दिवस झाले तरी पडली नाही. पंधरा झाले तरी नाही. आत्या रोज सकाळी कोपरापर्यंत हात धुवून, टॉवेल अंथरून बसायच्या, आणि तो काळपट सुकलेला तुकडा हट्टाने जागेवरच असायचा. तीन आठवडे झाले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई बाळाला पाहायला आल्या आणि सहज म्हणून गेल्या, नाळ पडली असेल ना एव्हाना? आत्या गोटूचं दुपटं पोटावर ओढून घेत म्हणाल्या, "पडली की. नवव्या दिवशीच."

सूनबाई शेजारी बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिने आत्यांकडे एकदा पाहिलं आणि घडी पुरी केली. एवढीशी थाप, कुणाचं काय वाकडं होणार होतं?

नाळ एकेचाळिसाव्या दिवशी पडली. त्यानंतरही बेंबीभोवतीची जागा लाल राहिली, जरा ओलसर, नाण्याएवढी. आत्यांनी कंबर कसली. दिवसातून दोनदा ड्रेसिंग, उकळलेला चिमटा, नवं गॉज. लाली काही जाईना, पण एका गोष्टीचं समाधान होतं आणि ते रोज वहीत उतरत होतं: पू नाही. पू नाही. पू नाही. भाचा कामावरून आला की त्या पान उघडून दाखवायच्या. भाचा म्हणायचा, "तुझ्या हाताचा धाकच आहे आत्या, जंतू जवळ येत नाहीत." आणि त्यांना ते खरंच वाटायचं.

अडीच महिन्यांचा असताना गोटूला ताप भरला. दुसऱ्या दिवशी लाली बेंबीपासून मांडीपर्यंत पसरली. त्याला आत्यांच्या जुन्या इस्पितळात नेलं, तेव्हा मुलांच्या विभागात कुरळे डॉक्टर होते. खरं आडनाव वेगळंच, पण डोक्यावरच्या जंगलामुळे आत्यांनीच त्यांना बारा वर्षांपूर्वी हे नाव दिलं होतं. तेव्हा ते आत्यांच्या ड्रेसिंगच्या खोलीत शिकायला होते आणि पट्टी सैल बांधली म्हणून त्यांनी तीनदा बोलणी खाल्ली होती. अजूनही आत्या त्यांना "अरे कुरळ्या" म्हणत आणि अजूनही ते उठून उभे राहत.

रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी बासष्ट हजार निघाल्या. या वयाच्या बाळाला तापात पंधरा-वीस हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. कुरळ्यांनी बाळाला भरती करून घेतलं, औषधं चालू केली आणि जन्मापासूनची सगळी हकीकत विचारायला बसले. दूध, वजन, लसी. मग विचारलं, नाळ कधी पडली?

भाचा आत्यांकडे बघू लागला, कारण हे खातं त्यांचं. सूनबाईही बघू लागली. आत्यांच्या जिभेवर एकेचाळीस आला होता. पण समोर त्यांचाच शिष्य बसलेला, मागे दोन नव्या सिस्टर उभ्या, आणि त्यातल्या एकीला कुरळ्यांनी मघाशीच सांगितलं होतं की ड्रेसिंग शिकायचं तर यांच्याकडून.

"नवव्या दिवशी," आत्या म्हणाल्या.

दुसरं कुणी असतं तर कुरळ्यांनी उलटसुलट विचारलं असतं. पण सिस्टरांनी नववा सांगितला म्हणजे नववाच. त्यांनी कागदावर नऊ लिहिला आणि पुढे गेले.

पाच दिवस गेले. ताप उतरे आणि चढे. पांढऱ्या पेशी सत्तर हजारांवर गेल्या. कुरळ्यांनी भाच्याला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं की एवढ्या पेशी म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे का हेही पाहावं लागेल. भाचा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि हाताच्या बोटांचं काळं ग्रीस दुसऱ्या हाताने खरवडत राहिला. लहानपणी, आईवडील गेल्यावर, तो असाच बसायचा, अगदी असाच. 

त्याच दुपारी कुरळ्यांनी गोटूची पट्टी उघडली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग कौतुकाने म्हणाले, एवढी लाली, एवढा ताप, आणि पुवाचा थेंब नाही. सिस्टर, तुमचा हात म्हणजे कमाल आहे. हे कौतुक ऐकायला आत्या एरवी दोन मजले चढून आल्या असत्या. आज ते त्यांना तोंडात मारल्यासारखं लागलं. कारण अडीच महिने त्यांचा हात होता हे खरं, पण गेले पाच दिवस ड्रेसिंग दुसऱ्याच सिस्टर करत होत्या. त्यातली एक तर पट्टी कुरळ्यांपेक्षाही सैल बांधायची. मग तिला पू का मिळत नव्हता?

कपडे आणायच्या निमित्ताने आत्या घरी आल्या. वही कपाटावर होती. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. लाली आहे, सूज आहे, पू नाही. पन्नासावर पानं, आणि प्रत्येक पानावर तेच वळणदार अक्षर. मध्ये एका पानावर लिहिलं होतं: एकेचाळिसावा दिवस, नाळ पडली. आत्या खुर्चीत बसून राहिल्या. दुसऱ्या कुणा बाईने अशी वही आणून दाखवली असती तर आपण तिला काय म्हटलं असतं, याचा त्यांनी विचार केला, आणि मग कपडे तिथेच विसरून, वही तेवढी पिशवीत टाकून त्या अठ्ठावन्न पायऱ्या उतरल्या.

कुरळे त्यांच्या खोलीत होते. भाचा आणि सूनबाई तिथेच, पुढच्या तपासणीच्या कागदावर सही करायला आलेले. तिघांच्या देखत सांगावं लागणार हे आत्यांना दारातच कळलं. क्षणभर त्यांना वाटलं, नंतर सांगू, एकट्याला गाठून. मग त्या आत आल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्यांना डॉक्टर म्हटलं होतं, त्यामुळे कुरळे घाबरूनच उठले. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. नाळ नवव्या दिवशी नाही पडली. एकेचाळिसाव्या दिवशी पडली. वहीत आहे."

कुरळ्यांनी वही घेतली. ते पान पाहिलं, मागची पाहिली, पुढची पाहिली. 

"आणि पू?"

"कधीच नाही. एक थेंब नाही. मला वाटलं, माझा हात चांगला आहे."

कुरळे खुर्चीत बसले. रागावतील, असं आत्यांना वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते हळूच म्हणाले, "सिस्टर, पू म्हणजे काय?"

आत्यांनी सवयीने उत्तर द्यायला सुरुवात केली. "जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा..." आणि त्या थांबल्या. बाळाच्या रक्तात सत्तर हजार पांढऱ्या पेशी होत्या. जखमेत एकही नव्हती. त्यांचा हात चांगला होता म्हणून नव्हे. तिथे लढायला कुणी पोचलंच नव्हतं. सुकलेली नाळ कापून टाकायलाही याच पेशी लागतात, आणि तिथेही त्या पोचल्या नव्हत्या. चौतीस वर्षं ज्या प्रश्नावरून त्यांनी पोरांना घाम फोडला, त्याचं उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर अडीच महिने उघडं पडलं होतं.

कुरळ्यांनी त्याच तासाला रक्ताचा एक वेगळा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. आत्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्यांची छाती होत नव्हती. सूनबाई येऊन शेजारी बसली.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "मीही गप्प बसले."

"माझा धाक वाटत असेल तुला."

"धाक नाही हो, आत्या. तुम्ही रोज सकाळी त्याला घेऊन बसायचात तेव्हा इतक्या खुशीत असायचात. मोडवेना मला ते."

 आत्यांनी तिचा हात हातात घेतला. काचा घासून घासून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती, ते त्यांच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, आणि त्या सुनेसमोर मनसोक्त रडल्या.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. कुरळ्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. रक्त नळीतून वेगाने वाहत असतं आणि पांढऱ्या पेशी त्याच्याबरोबर वाहत असतात. कुठे जखम झाली की तिथल्या नळीच्या आतल्या भिंतीवर रेणू वर येतात, हात वर केल्यासारखे. पांढरी पेशी आधी त्यांना अडखळत, गडगडत जाते, तिचा वेग कमी होतो. मग तिच्या अंगावरचे दुसरे रेणू, इंटिग्रिन नावाचे, भिंतीला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते आणि फटीतून जखमेत उतरते. गोटूच्या पेशींवर हे दुसरे रेणूच नव्हते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही जनुकं बिघडलेली आली होती. आईवडिलांचं प्रत्येकी दुसरं जनुक चांगलं होतं, म्हणून त्यांना त्याचा कधी पत्ताही लागला नसता.

भाचा इतका वेळ चित्राकडे टक लावून होता. त्याने विचारलं, "म्हणजे लिफ्ट माणसांनी भरलेली आहे, वरखाली धावतेय, पण कुठल्याच मजल्यावर थांबत नाही?"

"बरोबर तसंच."

"आणि मजल्यावरून बटण दाबलेलं आहे."

"दाबून धरलंय," कुरळे म्हणाले.

भाच्याने मान डोलावली. बिघाड कळला की त्याला अर्धं बरं वाटायचं. दुरुस्ती कशी होणार, एवढंच त्याने विचारलं. कुरळे म्हणाले, यंत्र बदलूनच. पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. याचा मगज औषधांनी रिकामा करायचा आणि जुळणाऱ्या माणसाचा भरायचा. त्यात धोका आहे, पण न करण्यात त्याहून मोठा धोका आहे. तीन-चार आठवडे उशिरा कळलं असतं तर हे बोलायलाही आपण बसलो नसतो.

मग त्यांनी गोटूचा कागद आत्यांच्या पुढे सरकवला. त्यावर अजून नऊच होता. आत्यांनी तो आडव्या रेघेने खोडला, शेजारी एकेचाळीस लिहिला आणि खाली सही केली.

किटली जुळली. चौघांत एकाला असा योग असतो म्हणे. तो तिच्या वाट्याला आला. तिला समजावायची जबाबदारी आत्यांवर पडली, कारण बाकी कुणाचं ती ऐकत नसे. किटलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तिच्यातला मगज दिला तर तिचा संपेल का. आत्या म्हणाल्या, नाही, तुझा पुन्हा भरतो. तिने विचारलं दुखेल का. आत्या थाप मारू शकल्या असत्या. "झोपेत काढतील, तेव्हा नाही," त्या म्हणाल्या, "पण नंतर दोन-तीन दिवस कंबर दुखेल." किटलीने विचार केला आणि अट घातली की मोठा झाल्यावर गोटूने तिचे केस ओढायचे नाहीत. आत्यांनी ही अट वहीत लिहून घेतली, तारखेसकट.

एवढ्या सगळ्या उठाठेवीनंतर जे घडलं ते दिसायला अगदीच साधं होतं: एक लाल पिशवी, एक नळी, आणि दुपारभर थेंब थेंब. गोटू काचेच्या खोलीत, आत एका वेळी घरचं एक माणूस, फार तर दोन, तेही डोक्यापासून पायापर्यंत झाकून. बहुतेक वेळ सूनबाई असायची. आत्या काचेबाहेर बसायच्या. आत दुसऱ्या कुणी ड्रेसिंग करत असताना त्यांच्या हातांची नुसती चुळबुळ व्हायची. औषधांनी गोटूचे केस गेले, तोंड आलं, आणि तो रडला की काचेतून आवाज येत नसे, फक्त तोंड दिसे. ते बघायला आत्यांना काय काय लागलं ते त्यांचं त्यांना माहीत.

पिशवी चढवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी नव्या पेशी रक्तात दिसल्या. कुरळे म्हणाले, त्यांच्यावर ते रेणू आहेत, किटलीचे. आता त्या मजल्यावर थांबून बाहेर पडतात की नाही, ते जखमच सांगेल. मांडीपर्यंतची लाली औषधांनी ओसरली होती, पण बेंबीजवळची ती नाण्याएवढी जागा अजून तशीच होती, लाल आणि ओलसर. वहीत रोज लिहिलं जात होतं, पू नाही. पण आता ते अक्षर वळणदार येत नव्हतं.

तेविसाव्या दिवशी सकाळी तीच सैल पट्टीवाली सिस्टर बाहेर आली. चेहरा पडलेला. आत्यांसमोर येऊन ती उभी राहिली आणि हातमोजे हातातच चुरगाळत म्हणाली, "सिस्टर, मी सगळं नीट केलं हो. हात दोनदा धुतले, चिमटा नवा घेतला. तरी पण..."

"तरी पण काय?"

"थोडासा पू दिसतोय."

आत्या उठल्या. गाऊन, टोपी, मास्क चढवायला त्यांना एरवी दोन मिनिटं लागत. आज बोटं नाड्यांत अडकत होती, शेवटी त्या पोरीनेच बांधल्या. आत सूनबाई गोटूचा तळवा धरून उभी होती. ट्रेमध्ये गॉज पडलेलं होतं आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता, पिवळसर, जरा हिरवी झाक असलेला. आत्या वाकून त्याच्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या त्याला आता काय म्हणावं ते त्यांना सुचेना. त्यांनी सूनबाईला जवळ बोलावलं. चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा शोधणाऱ्या नजरेने तिनेही पाहिलं.

"पोचल्या," सूनबाई म्हणाली.

आत्यांनी बाहेर येऊन त्या सिस्टरला मिठी मारली. पोरगी आणखीच घाबरली. कुरळे आले, त्यांनी नमुना घेतला, औषधं वाढवली आणि आत्यांना बजावलं की अजून पुष्कळ महिने सांभाळायचं आहे, एवढ्यात हुरळून जायचं नाही. आत्या "हो डॉक्टर" म्हणाल्या आणि हुरळून गेल्या. भाच्याला फोन केला तेव्हा तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता.  तिथूनच तो म्हणाला, "थांबली तर."

आत्यांनी वही काढली. तारीख टाकली. लाली आहे. सूज कमी. मग पेन थोडा वेळ हवेत धरून त्यांनी लिहिलं, पू आहे, आणि अक्षर आपोआप वळणदार आलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे घराची किल्ली होती आणि त्या रोज याच वेळेला चौकशी करायच्या. कसा आहे गोटू, त्यांनी विचारलं.

"एक सांगायचं राहिलं होतं तुम्हाला," आत्या म्हणाल्या. "त्याची नाळ नवव्या दिवशी नव्हती पडली. एकेचाळिसाव्या दिवशी पडली. मी खोटं बोलले होते. आणि आज त्याच्या जखमेत पू झालाय."

 पलीकडून त्या बाई कळवळून म्हणाल्या, "अरेरे."

"अरेरे काय," आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "आम्ही घरी आलो की वर या, पेढ्याऐवजी वहीतलं ते पान दाखवते तुम्हाला."